तन-मन-धनाचा संकल्प आणि त्याचा भरणा : मराठी ख्रिस्ती गद्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

'तन-मन-धन' हा शब्दसमूह मराठीत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. वारीच्या दिंडीपासून शिक्षणसंस्थेच्या वर्धापनदिनाच्या भाषणापर्यंत तो सर्वत्र आढळतो. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हीच कल्पना प्रार्थना, सेवा आणि द्रव्य या तीन घटकांत मांडली जाते. मराठी प्रोटेस्टंट परंपरेत 'मंडळी' हा शब्द उपासक समुदायासाठी, म्हणजेच चर्चसाठी वापरला जातो. मंडळीच्या आधारासाठी आपण किती प्रार्थना करू, कोणती सेवा देऊ आणि किती द्रव्य अर्पण करू, हे सभासदाने वर्षाच्या आरंभी किंवा उपकारस्तुतीच्या प्रसंगी ठरवावे आणि शक्य तर लिहून द्यावे, अशी ही प्रथा आहे. युरोप-अमेरिकेतील मंडळ्यांत ती फार जुनी असून आपल्याकडील मंडळ्यांनाही ती अपरिचित नाही.

या प्रथेचा विचार धर्मशास्त्र, अर्थकारण किंवा समाजशास्त्र यांच्या अंगाने होत असतो. प्रस्तुत लेखात तो साहित्याच्या अंगाने करावयाचा आहे. पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या तिघांचे जीवन व लेखन अर्पणाच्या संकल्पाशी निगडित होते. या तिघांचा एकत्रित विचार केला असता एक प्रश्न ठळकपणे समोर येतो. संकल्प कोण करतो आणि त्याचा भरणा कोण करतो? संकल्पाची नोंद दात्याच्या नावे होते. परंतु त्याची किंमत अनेकदा अशी व्यक्ती चुकविते की जिला संकल्पाच्या वेळी कोणी विचारलेले नसते. मराठी समीक्षेने या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपनगरांतील अर्पणाची तीन रूपे

मुंबईच्या उपनगरांत अर्पणाची तीन वेगवेगळी रूपे आजही एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. पहिले रूप नवसाचे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय आणि घरेही विकली जातात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवे असते तो मेणाचे घर वाहतो. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या या जत्रेला ख्रिस्तीतर भाविकही मोठ्या संख्येने येतात, कारण नवसाची भाषा सर्वांनाच कळते. नवस हा सशर्त असतो. इच्छा पूर्ण झाली की फेडावयाचे, असा त्याचा व्यवहार आहे.

दुसरे रूप 'आगेरा' या सणाचे. साष्टीतील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताची पहिली लोंबी वाजतगाजत चर्चमध्ये नेतो. येथे अट नाही. जे हाती आले त्यातील पहिला वाटा परत द्यावयाचा, एवढाच भाव आहे. अंधेरी, मरोळ, बोरिवली या भागांतील शेती नाहीशी झाली, तरी सण टिकून राहिला. लोंबी आज कोठून आणावी लागते हा प्रश्न गौण ठरतो. ती समुदायाने मिळून नेणे हे महत्त्वाचे ठरते.

तिसरे रूप संकल्पाचे. तो नवसासारखा सशर्त नाही आणि आगेऱ्यासारखा हाती आलेल्या पिकावरही अवलंबून नाही. जे अजून मिळालेले नाही त्यातून देण्याचे ते वचन आहे. म्हणूनच संकल्पात श्रद्धेचा अंश सर्वाधिक असतो आणि जोखीमही सर्वाधिक असते. नवस फेडताना मनुष्य भूतकाळाचे देणे देतो, आगेऱ्यात वर्तमानातील देतो. संकल्पात मात्र तो भविष्यकाळ गहाण ठेवतो. हा भविष्यकाळ एकट्या संकल्पकर्त्याचा क्वचितच असतो. त्याच्या कुटुंबाचाही तोच भविष्यकाळ असतो.

या भूमीचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि येथील चर्चना राजाश्रय लाभला. बोरिवलीतील मंडपेश्वराजवळ फ्रान्सिस्कनांनी व मरोळ भागात जेझुइटांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या वास्तूंचे अवशेष आजही त्याची साक्ष देतात. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावर हा राजाश्रय संपला. त्यानंतर जी चर्च टिकली ती मुख्यतः गावकऱ्यांच्या आणि स्थानिक धर्मगुरूंच्या आधारावर टिकली. राजाने दिलेले दान राजाबरोबर गेले. गावाने दिलेले गावात राहिले. देणारा कोण यावर चर्च कोणाचे हे ठरते, या तत्त्वाचे हे आपल्या परिसरातील जुने उदाहरण होय.

रमाबाई : दूरस्थ संकल्प आणि त्याच्या अटी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचा संकल्प या संस्थेने केला. निरनिराळ्या गावी 'रमाबाई मंडळे' निघाली व त्यांच्या सभासदांनी दरसाल ठराविक रक्कम देण्याचे मान्य केले. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

याच सुमारास, १८८९ मध्ये, रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात तेथील धर्मपंथ व दानधर्म यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सरकारी धर्मखाते नसलेल्या देशात लोक आपण होऊन वर्गणी काढून उपासनागृहे, शाळा, रुग्णालये चालवितात, या गोष्टीकडे रमाबाई ज्या नजरेने पाहतात ती केवळ प्रवाशाची नजर नाही. आपल्या समाजात अशी स्वयंस्फूर्त संघटना, विशेषतः स्त्रियांची, कशी उभी राहील, हा विचार त्यामागे आहे.

परंतु या संकल्पाला अट होती. शाळा धर्मनिरपेक्ष असावी, तेथे कोणत्याही पंथाची शिकवण दिली जाऊ नये, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या व आपल्या खोलीत प्रार्थना करीत. त्यांच्या प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा वाद उभा राहिला आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. या वादाची चर्चा आजवर धर्मांतराच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात निराळा मुद्दा आहे. धनाच्या संकल्पाने येथे प्रार्थनेला मर्यादा घातली होती. प्रार्थना, सेवा आणि द्रव्य हे तीन घटक संकल्पपत्रावर एका रांगेत लिहिता येतात. प्रत्यक्षात ते एकमेकांवर सत्ता गाजवितात. ज्याचे द्रव्य, त्याची अट. रमाबाईंनी आपल्या खोलीचे दार उघडे ठेवले एवढ्याने संस्थेचा पाया हादरला.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले आणि तेथे रमाबाईंनी निराळा मार्ग पत्करला. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांच्या चरित्रांचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी १९०७ सालच्या आपल्या साक्षीत नमूद केला आहे. द्रव्याची चिंता देवावर सोपवावी आणि आपण प्रार्थना व सेवा करावी, असा हा मार्ग होता. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना यांच्या योगे आश्रमवासी स्त्रियांचे श्रमही संस्थेच्या आधाराचा भाग झाले. मराठी बायबलचे जे भाषांतर रमाबाईंनी १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पूर्ण केले, त्याचे खिळे जुळविण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले.

येथे प्रार्थना अग्रस्थानी आली हे खरे. तथापि एक प्रश्न उरतोच. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी आश्रमातील मुलींना पुढे येण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तरच्या आसपास मुली आल्या आणि काही महिन्यांत ही संख्या अनेक पटींनी वाढली. या मुलींच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या हाताने दुष्काळातून वाचविले त्याच हाताने आवाहन केले असता नकार देणे किती शक्य असते, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. आश्रितांचा संकल्प आणि स्वतंत्र व्यक्तीचा संकल्प एकाच तराजूत तोलता येत नाहीत. रमाबाईंचा मोठेपणा मान्य करूनही हा भेद नोंदविणे आवश्यक आहे. मुक्तीचा इतिहास आपल्याला प्रामुख्याने रमाबाईंच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून कळतो. खिळे जुळविणाऱ्या हातांनी स्वतःविषयी लिहिलेले आपल्यासमोर फारच थोडे आहे.

टिळक : वेतनाचा त्याग

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र अहमदनगर हे राहिले. १८१३ मध्ये मुंबईत कार्य आरंभिलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे ते मोठे केंद्र होते. मिशनचा खर्च मुख्यतः अमेरिकेतील मंडळ्यांच्या वर्गणीतून चाले आणि वेतनही त्यातूनच मिळे. उपदेशक, शिक्षक, कवी आणि १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक अशा विविध नात्यांनी टिळकांनी सेवा केली.

१९१७ मध्ये टिळक मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि 'देवाचा दरबार' या कल्पनेला त्यांनी वाहून घेतले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. 'मिशन' आणि 'दरबार' या दोन शब्दांतील अंतर लक्षणीय आहे. मिशनला मुख्यालय असते, अहवाल असतो, अंदाजपत्रक असते. दरबारात मनुष्य थेट राजासमोर उभा राहतो. मध्ये कोणी कारकून नसतो. परदेशी द्रव्यावर पोसलेला धर्म देशी माणसाला आपला वाटणार नाही, हे टिळकांना उमगले होते. साष्टीतील गावकऱ्यांनी परिस्थितीच्या रेट्याने जे केले, ते टिळकांनी बुद्ध्या केले. त्यांच्या दृष्टीने स्वावलंबन हा जमाखर्चाचा प्रश्न कमी आणि आत्मसन्मानाचा प्रश्न अधिक होता.

टिळकांचे खरे अर्पण कोणते, असे विचारल्यास त्यांच्या गीतांकडे बोट दाखवावे लागेल. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि ती शतकाहून अधिक काळ गायिली जात आहेत. अभंग व ओवी यांच्या वळणाची ही गीते गाताना मंडळी परक्या चालीची ऋणी राहत नाही. या देणगीची पावती कोणी फाडली नाही, तरी तिचे व्याज मंडळीला आजही मिळत आहे.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. म्हणजे दरबाराला त्यांचा सहवास अवघ्या दोन वर्षांच्या आसपास लाभला. त्यांच्या चरित्रकारांनी या पर्वाचे वर्णन संन्यासाचे पर्व म्हणून गौरवाने केले आहे. परंतु टिळक रूढ अर्थाने संन्यासी नव्हते. त्यांना घर होते, पत्नी होती, मुले होती. संन्यासी घर सोडून जातो. टिळकांचा संन्यास घरात राहून झाला. त्या घराची बाजू समजून घेण्यासाठी 'स्मृतिचित्रे'कडे वळावे लागते.

लक्ष्मीबाई : न विचारलेल्या व्यक्तीचा हिशेब

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचे कौतुक प्रायः तीन कारणांसाठी होते : भाषेचा साधेपणा, विनोद आणि एका कवीच्या संसाराचे जिवंत चित्रण. टिळकांचे औदार्य, त्यांचा तापटपणा, पैशाविषयीची बेफिकिरी या गोष्टी 'कवीची विक्षिप्तता' या सदरात टाकून वाचक हसतो आणि पुढे जातो. असे वाचन ग्रंथावर अन्याय करणारे आहे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाखाली एक काटेकोर हिशेब आहे.

हा हिशेब अर्पणाचा आहे. टिळकांनी आपले जीवन ख्रिस्ताला वाहिले तेव्हा त्या अर्पणात लक्ष्मीबाईंचे जीवन न विचारता समाविष्ट झाले. बाप्तिस्म्याची वार्ता त्यांच्यावर आघातासारखी कोसळली. त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या मधल्या काळात सोवळे-ओवळे, स्पर्श, अन्न यांविषयीच्या आपल्या समजुती त्यांनी स्वतःच तपासल्या व एकेक करून सोडल्या. येथे भेद स्पष्ट होतो. १८९५ मध्ये पतीच्या संकल्पाची किंमत त्यांनी चुकविली. १९०० मध्ये त्यांनी स्वतःचा संकल्प केला. पहिली घटना त्यांच्यावर आली, दुसरी त्यांनी घडविली. ग्रंथाचा गाभा या दोन तारखांमधील अंतरात आहे.

पुढील संसारातही हाच ताण राहतो. घरात पाहुणे येतात, पोरकी मुले येतात, हाती आलेले पैसे दुसऱ्या कोणाच्या गरजेसाठी जातात. 'सेवा' या शब्दाखाली जे काही येते त्याचा मोठा भाग स्वयंपाकघरात घडतो. टिळक देतात आणि लक्ष्मीबाई पुरवितात. देणाऱ्याचे नाव होते. पुरविणारीचे श्रम गृहीत धरले जातात. लक्ष्मीबाई याविषयी तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीत, त्या प्रसंग सांगतात. प्रसंगातील विसंगती वाचकाला हसविते आणि हसू ओसरल्यावर मागे एक आकडा शिल्लक राहतो. मंडळीच्या नोंदवहीत ज्या रकमा कधीच चढल्या नाहीत, त्या 'स्मृतिचित्रे'त चढल्या आहेत. या दृष्टीने पाहता हा ग्रंथ मराठी ख्रिस्ती समाजाची पूरक खतावणीच होय.

बायबलमधील काही स्थळे येथे साहाय्यक ठरतात. 'गणना' या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात नवसांचे नियम आहेत. मुलीचा किंवा पत्नीचा नवस पिता वा पती ऐकताच रद्द करू शकतो. पतीचा नवस पत्नीने रद्द करावा, अशी तरतूद मात्र तेथे नाही. याउलट प्रेषितांच्या कृत्यांतील पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जमीन विकून आलेल्या किमतीतील काही भाग लपवून ठेवते, तेव्हा पेत्र सप्पीरेला स्वतंत्रपणे प्रश्न विचारतो. प्रसंग भयंकर आहे, पण पत्नीला स्वतंत्र उत्तरदायित्व आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे. शिक्षेच्या वेळी जिला स्वतंत्र व्यक्ती मानले, तिला संकल्पाच्या वेळीही तसेच मानावयास हवे, असा निष्कर्ष त्यातून काढणे अवाजवी ठरणार नाही.

दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची कथा तर अर्पणाच्या प्रत्येक प्रवचनात येते. ती उदारतेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. परंतु मार्कच्या शुभवर्तमानात या कथेच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे. त्यामुळे काही आधुनिक भाष्यकार या कथेत स्तुतीबरोबर खेदही वाचतात. जिच्याजवळ उपजीविकेपुरतेच होते तिच्याकडून तेही घेणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न ते उपस्थित करतात. मराठी संदर्भात हे वाचन उपयुक्त आहे. रमाबाईंच्या आश्रितांचा आणि लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराचा विचार करताना केवळ स्तुती अपुरी पडते.

लक्ष्मीबाईंची कथा मात्र तक्रारीपाशी थांबत नाही. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले. आरंभीचे अध्याय टिळकांचे. पुढील फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्ण केले. औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीने पतीचा काव्यसंकल्प पुरा करावा, याची एरवी पातिव्रत्याचे उदाहरण म्हणून सहज बोळवण झाली असती. 'स्मृतिचित्रे' वाचल्यानंतर तसे करता येत नाही. ज्या स्त्रीने न विचारता लादलेल्या संकल्पांचा हिशेब इतक्या बारकाईने मांडला, तिने हा एक संकल्प स्वतःहून उचलला. येथे भरणा करणारी व्यक्तीच सहसंकल्पकर्ती झाली आहे.

आजचा संदर्भ

हा विचार केवळ गतकाळापुरता नाही. परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा प्रथम १९७६ मध्ये झाला व २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने अशा देणग्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातूनच स्वीकारण्याचे आणि त्या अन्य संस्थांकडे वर्ग न करण्याचे बंधन घातले. या धोरणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु बाहेरून येणारा ओघ आटला की स्थानिक सभासदाच्या संकल्पावरील भार वाढतो, हे उघड आहे. टिळकांना जे स्वावलंबन स्वेच्छेने हवे होते, ते आज अनेक संस्थांना परिस्थितीमुळे स्वीकारावे लागत आहे.

मुलुंड-घाटकोपरच्या वा अंधेरी-बोरिवलीच्या मध्यमवर्गीय घरात घराचे हप्ते, शाळेचे शुल्क आणि लोकलच्या प्रवासात जाणारे तास यांतून प्रार्थना, सेवा व द्रव्य यांचा वाटा काढावयाचा असतो. संकल्पपत्रावर सही एकाची असते. रविवारच्या सेवेसाठी जाणाऱ्याच्या मागे वृद्ध आईवडिलांकडे कोण पाहते, संकल्पिलेल्या रकमेमुळे घरातील कोणाची गरज पुढे ढकलली जाते, हे प्रश्न त्या पत्रावर नसतात. हे केवळ ख्रिस्ती मंडळीलाच लागू आहे असेही नाही. मंदिराचा जीर्णोद्धार, विहाराचे बांधकाम, शिक्षणसंस्थेचा निधी, सर्वत्र हाच प्रश्न आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. दूरस्थ दात्याचा संकल्प संस्था उभी करू शकतो, पण तो अटींच्या रूपाने प्रार्थनेवर व सेवेवर अधिकार सांगतो, हे शारदा सदनाच्या इतिहासातून दिसते. स्थानिक व स्वेच्छेचे अर्पण समुदायाला आपलेपणा देते, हे आगेऱ्याच्या लोंबीत आणि टिळकांच्या गीतांत दिसते. परंतु स्थानिक अर्पणही आपोआप न्याय्य ठरत नाही. त्याचा भार घरातील व आश्रमातील मूक व्यक्तींवर पडू शकतो, आणि हे दाखविण्याचे श्रेय मराठी साहित्यात प्रामुख्याने लक्ष्मीबाई टिळकांकडे जाते.

म्हणून 'स्मृतिचित्रे'चे पुनर्वाचन अर्पणाच्या नीतीचा ग्रंथ म्हणून व्हावयास हवे. 'तन-मन-धन' हे तीन शब्द उच्चारताना ते तन कोणाचे, मन कोणाचे आणि धन कोणाचे, हे स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजे. ज्याच्या वाट्याला भरणा येणार आहे त्याला संकल्पाच्या वेळी विचारणे, ही अर्पणाच्या पावित्र्याची किमान अट मानावी लागेल. लक्ष्मीबाईंना १८९५ मध्ये कोणी विचारले नाही. १९०० मध्ये त्यांनी स्वतः उत्तर दिले, आणि त्या उत्तराचे मोल मराठी मंडळीला 'ख्रिस्तायन'च्या रूपाने लाभले.